पडदे ठेवावेत की काढावेत?

सतारीला पडदे असतात, सरोदला नसतात, आणि तरी दोन्हींवर तोच यमन आणि तोच दरबारी वाजतो. मुंबईत ज्यांनी अब्दुल हलीम जाफर खाँ यांची सतार ऐकली आणि झरीन दारूवाला यांचं सरोदवादनही ऐकलं, त्यांना यातलं एक वाद्य पूर्ण आणि दुसरं अपुरं असं वाटण्याचं कारण नव्हतं. बेस गिटार घ्यायची वेळ आली की मात्र हा समंजसपणा नाहीसा होतो. फ्रेट, म्हणजे पडदे, असलेली गिटार घ्यावी की बिनफ्रेटची (फ्रेटलेस), या प्रश्नाभोवती दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. पहिली अशी की फ्रेट शिकाऊ हातांसाठी असतात; हात तयार झाला की ते काढून टाकायचे आणि वरच्या इयत्तेत जायचं. दुसरी खास आपल्याकडची: आपलं संगीत श्रुतींचं, फ्रेट बारा सुरांचे, म्हणून भारतीय गाण्याला साथ करायची तर फ्रेटलेसच हवी. या दोन्ही समजुती सुराच्या खरेपणावर भर देतात आणि तिथेच चुकतात, असं माझं म्हणणं आहे. बेस गिटारीवर फ्रेटमुळे सुराचं नुकसान फारच थोडं होतं. फ्रेट हिरावून घेतात ती दोन सुरांमधली वाट, आणि त्यांच्यामुळे नादाचा पोतही बदलतो. निवड करायची ती या दोन गोष्टी समोर ठेवून.

फ्रेट नेमकं काय करतो ते आधी पाहू. बोट फ्रेटच्या किंचित मागे पडतं, तार धातूच्या कडेवर टेकते आणि तिची थरथरणारी लांबी ती कड ठरवते. बोट दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे पडलं तरी सूर हलत नाही. 1951 साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी आपली बेस गिटार बाजारात आणली आणि तिला ‘प्रिसिजन’ हे नाव दिलं, ते याच गुणासाठी. तोवर खर्जाचं काम उभ्या डबल बेसकडे होतं. ते वाद्य अवजड, आवाजाला दबकं आणि बिनपडद्यांचं. वर्षानुवर्षं हात घासल्याशिवाय सुरात न येणारं. फेंडरच्या गिटारीमुळे साधा गिटारवाला आठवडाभरात बेस धरू शकला. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही इलेक्ट्रिक बेस आला तो या सोयीसह. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. चरणजित सिंग यांनीही याच स्टुडिओंमध्ये बेस गिटार आणि की-बोर्ड वाजवले. सगळा वाद्यवृंद एकत्र बसून एका दमात गाणं ध्वनिमुद्रित करायचा तो काळ. एकाचा सूर हलला तर सगळ्यांना पुन्हा वाजवावं लागे. अशा ठिकाणी फ्रेटवर विसंबणं हा व्यवसायाचा शहाणपणा होता, त्यात कच्चेपणा कुठेच नव्हता.

आता श्रुतींचा आक्षेप. तो गंभीर आहे, त्यामुळे त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवं. बेस गिटारीच्या तारेची नेहमीची लांबी 34 इंच, म्हणजे सुमारे 864 मिलिमीटर. फ्रेट बसवताना सप्तकाचे बारा सारखे भाग करतात, त्यामुळे पहिला फ्रेट वरच्या खाचेपासून साधारण 48.5 मिलिमीटरवर येतो आणि पुढची अंतरं कमी कमी होत जातात. एका अर्ध्या सुराचे शंभर भाग कल्पिले की त्यातल्या एकाला सेंट म्हणतात. तंबोऱ्याच्या खर्जात कान लावल्यावर आपोआप ऐकू येणारा गंधार षड्जाच्या सव्वापट कंपनांचा असतो. फ्रेटवरचा गंधार त्याहून जवळपास 14 सेंट चढा लागतो. हे अंतर तारेवर मोजलं तर खुल्या तारेच्या गंधारापाशी ते साडेपाच मिलिमीटरांच्या आसपास भरतं. बोटाच्या रुंदीच्या मानाने हा फरक मोठा आहे. जाणत्या कानाला तो कळतो, आणि इथवर श्रुतींचा आग्रह धरणाऱ्यांचं बरोबर आहे. पण पंचम पाहा. खरा पंचम आणि सातव्या फ्रेटवरचा पंचम यांच्यातलं अंतर एक मिलिमीटरही नाही, जेमतेम पाऊण मिलिमीटर. मध्यमाचंही तसंच. फ्रेटची धातूपट्टीच दोन मिलिमीटरांहून रुंद असते. बेसचा बहुतेक वेळ ज्या सुरांवर जातो ते सूर म्हणजे षड्ज, पंचम आणि मध्यम, आणि या तिघांबाबत फ्रेट व्यवहारात निर्दोष आहेत.

गंधाराची चूक तरी कितपत ऐकू येते? दोन सूर किंचित वेगळे लागले की त्यांच्या टकरीने आवाज हेलकावतो. बेसूर म्हणून कानाला टोचतो तो बराचसा हा हेलकावा. बेसच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला 41.2 कंपनांचा. तो दहा सेंटने चुकला तर मूळ सुरातला हेलकावा सुमारे चार सेकंदांत एकदा येतो. तेवढा वेळ बेसचा एक सूर सहसा टिकतच नाही. हीच दहा सेंटची चूक व्हायोलिनच्या वरच्या तारेवर, सेकंदाला 660 कंपनांच्या सुरात झाली, तर हेलकावे सेकंदाला जवळजवळ चार पडतील आणि समोरचा श्रोता कपाळाला आठी घालेल. मूळ सुरात मिसळलेले वरचे अंशस्वर धरले तर बेसचीही चूक थोडी अधिक जाणवते हे मान्य. तरी खर्ज सुराची चूक झाकतो आणि तार सप्तक ती उघडी पाडतं, हा नियम कायम राहतो. म्हणूनच फ्रेटवरचा गंधार खर्जात चालून जातो, आणि खर्जात बोट थोडं सरकलेला फ्रेटलेस वाजवणाराही निभावून जातो. वरच्या पट्टीत बेसवर गत वाजवायला लागलं की मग दोघांचीही परीक्षा सुरू होते.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला निर्णायक वाटते. खरा गंधार लावण्याचं स्वातंत्र्य सोबतीला कोण आहे यावर अवलंबून असतं. बाजूला की-बोर्ड, हार्मोनियम किंवा फ्रेटची गिटार असेल तर त्यांचा गंधार बारा सारख्या भागांतलाच येणार, आणि फ्रेटलेसवाल्याने तंबोऱ्याचा गंधार लावला तर तोच बेसूर ठरणार. महाराष्ट्राला हा पेच नवा नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी श्रुती-हार्मोनियमचा ध्यास घेतला. आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमला बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत टिकली. बंदीच्या बाजूने मुख्य मुद्दे दोन होते: पट्ट्यांचे सूर श्रुतींशी जुळत नाहीत आणि पेटीवर मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात अखंड सरकणं, निघत नाही. या दोन तक्रारी नेहमी एका श्वासात केल्या जातात, पण त्या एक नाहीत. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन आणि सारंगी एकाच वेळी बालगंधर्वांच्या साथीला असत. ऑर्गनचे सूर पक्के, सारंगीचे वाहते, आणि गायकाचा गळा त्या दोहोंमध्ये मोकळा. त्या गाण्याला कुणी अ-भारतीय म्हटलं नाही. पक्क्या सुरांचं वाद्य साथीला असल्याने राग मरतो हे म्हणणं मराठी रंगभूमीने अनेक दशकं रोज रात्री खोटं पाडलं. पहिली तक्रार या कसोटीवर टिकत नाही. दुसरी मात्र टिकते: पेटीवर मींड निघत नाही, आणि म्हणूनच तिथे सारंगी लागत होती.

बेसचा प्रश्नही याच ठिकाणी येऊन थांबतो. फ्रेटच्या गिटारीवर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, पण ती घसरण पायऱ्यांची असते. मधला प्रत्येक फ्रेट आपली हजेरी लावतो. सतारीलाही पडदे आहेत, मग तिच्यावर मींड कशी निघते, असं कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. सतारीच्या बाजाच्या तारेची लांबी बेसच्या तारेशी जवळजवळ सारखी, पण जाडी सुमारे 0.3 मिलिमीटर आणि ताण बेसच्या तारेच्या एक तृतीयांशाइतका. शिवाय दांडी रुंद, पडदे कमानदार आणि दांडीपासून वर उचललेले. त्यामुळे तार पडद्यावरच आडवी खेचून चार-पाच सूर चढता येतात. बेसची सर्वांत बारीक तारही एक मिलिमीटरहून जाड, जाड तार अडीच मिलिमीटरांच्या पुढे, ताण प्रत्येकीवर अठरा-एकोणीस किलोच्या आसपास, आणि दांडी वरच्या टोकाला चार सेंटिमीटर रुंद. बारीक तार खेचून एखादा सूर चढवता येईल. खर्जाची तार खेचून मींड काढायला गेलात तर हात दुखेल आणि सूर जागचा फारसा हलणार नाही. सतारीचा मार्ग बेसला बंद आहे. सरोदचा तेवढा उघडा आहे: पडदे काढा आणि बोट तारेवरून सरकवा.

सुराचा खरेपणा आणि सुरांमधला प्रवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा सर्वांत बोलका पुरावा मुंबईतच एका बेस वाजवणाऱ्याने दिला. चरणजित सिंग यांनी 1982 साली दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली, सगळी यंत्रांवर. रोलँड कंपनीचे ज्युपिटर-8 आणि टीबी-303 हे सिंथेसायझर आणि टीआर-808 हे तालयंत्र त्यांनी वापरलं. तेव्हा तिची फारशी दखल घेतली गेली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर गाजली. तिच्यातल्या तालयंत्राबद्दल आणि पुढे आलेल्या नृत्यसंगीताशी असलेल्या साम्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जातं. या यंत्रांचे सूर फ्रेटसारखेच बारा समान भागांतले. एकही श्रुती त्यांच्यात नाही. पण एका सुरातून दुसऱ्यात अखंड सरकत जाण्याची सोय मात्र त्यांच्यात आहे. एवढ्या सोयीवर राग ओळखीचा होतो. श्रुती नसूनही हे जमतं, ते सूर एकमेकांकडे जसे जातात त्यामुळे. यावर कुणी म्हणेल की एका ध्वनिमुद्रिकेवरून एवढा निष्कर्ष काढू नये. मान्य, म्हणून उलट बाजूचाही दाखला घेऊ. शिवकुमार शर्मांनी 1955 मध्ये मुंबईत संतूर प्रथम रागदारीच्या मैफलीत आणलं, तेव्हा टीका झाली ती मींड नाही यावर. ती उणीव भरून काढायला त्यांनी तारांवरून वाजवायची कलम हलकेच घसरवत नेण्याची रीत घडवली. वाद्य जुळवताना गंधार हवा तसा लावता येत होता. अडचण तिथे नव्हतीच. श्रोत्यांना चुकल्यासारखं वाटत होतं ते दोन सुरांमधल्या सलगपणाशिवाय.

फ्रेट काढल्यावर दुसरा बदल होतो तो नादात. तो शब्दांत पकडायला अवघड म्हणतात, पण मराठी वाचकाला तो समजावून सांगणं सोपं आहे, कारण मिरज आपल्याकडे आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट वाटला तरी त्याला अगदी पुसट उतार दिलेला असतो. तार थरथरताना त्या उतारावर सारखी टेकते आणि सुटते. त्यातून वरचे अंशस्वर एकामागून एक उमलतात. हीच जवारी. ती लावण्याचं कसब मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. फ्रेटलेस बेसवर तेच भौतिकशास्त्र दांडीवर घडतं. बोटाखाली तार धातूच्या कडेवर न टेकता लाकडावर निजते. बोटाच्या पुढे तार आणि लाकूड यांच्यातला कोन फारच उथळ असल्याने थरथरती तार लाकडाला हलकेच घासत राहते. सुराची सुरुवात मऊ होते, मग तो पोटातून फुगत येतो आणि किंचित गुणगुणतो. फ्रेटच्या धातूवर सूर ठोस सुरू होतो आणि त्यातली चकाकी अधिक काळ टिकते. लाकूड आणि बोटाचं मांस ती चकाकी लवकर शोषून घेतात. बोटाच्या टोकाची बारीक थरथर सुराला कंप देते, तोही गळ्यातल्या कंपासारखा मूळ सुराच्या वर आणि खाली दोन्हीकडे जाणारा. फ्रेटवर तार आडवी खेचून दिलेला कंप फक्त वरच जातो.

फ्रेटलेसचं नाव ज्यांच्यामुळे झालं त्यांचं वादन ऐकलं की हेच दोन गुण कानावर येतात. रोलिंग स्टोन्सचे बिल वायमन यांनी 1961 मध्ये एका स्वस्त गिटारीचे फ्रेट उपटले होते; अँपेग कंपनीने 1966 मध्ये आणि फेंडरने 1970 मध्ये तयार फ्रेटलेस विकायला काढल्या. पण कान वळवले ते जॅको पास्तोरियस यांनी. त्यांची 1962 सालची फेंडर जॅझ बेस, फ्रेट काढलेली, भेगा बुजवलेली आणि वरून बोटींना लावतात त्या इपॉक्सीचा थर चढवलेली. 1976 च्या पहिल्या अल्बममध्ये ती गिटार गात होती. दक्षिण आफ्रिकेचे बाकिथी कुमालो यांनी पॉल सायमनच्या 1986 च्या ‘ग्रेसलँड’मध्ये तिला नाचायला लावलं. यांच्यापैकी कुणाचीही कीर्ती बारा सुरांच्या बाहेरच्या श्रुती लावण्यावर उभी नाही. घसरत आलेला सूर आणि गुणगुणणारा नाद, एवढंच ऐकून श्रोता त्यांना ओळखतो.

मग सगळ्यांनीच फ्रेटलेस का घेऊ नये? हा पुढचा आक्षेप, आणि त्याचं उत्तर बेसच्या कामात आहे. बेस बहुतेक वेळा ड्रमच्या पायाशी जोडलेला असतो. त्याने दोन सुरांमध्ये भटकावं असं कुणालाच वाटत नसतं. त्याची सुरुवात तालाच्या क्षणीच ऐकू यायला हवी, आणि ठोस सुरुवात हा फ्रेटचा गुण आहे. अंगठ्याने तार ठोकून वाजवायच्या शैलीत तार फ्रेटवर आपटून जो टणत्कार होतो तो लाकडावर होत नाही. दोन-तीन तारा एकदम दाबून स्वरसमूह वाजवायचे तर फ्रेटलेसवर प्रत्येक बोट स्वतंत्रपणे अचूक बसवावं लागतं. मुंबईत जन्मलेल्या मोहिनी डे यांचं वादन ऐकावं: तबल्या-मृदंगाच्या बोलांसारखे वेगवान जाती-पलटे फ्रेटच्या गिटारीवर, प्रत्येक अक्षर सुटं. भारतीयत्व मींडेतच असतं असं मानणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे. आपल्याकडे लयकारीही आहे, आणि लयकारीला फ्रेट पोषक ठरतात. गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीकडे पाहा. तो बेंजो म्हणजे टंकयंत्रासारखी बटणं असलेलं बुलबुल तरंग, 1912 मध्ये जपानात तयार झालेल्या ताईशोगोतोचा वंशज. सूर पूर्ण बांधलेले, तरी हजारो माणसं त्यावर गाणं ओळखून नाचतात, कारण तिथे हवी असते ती टोकदार, दूरवर पोचणारी चाल. अशा ताफ्याखाली बेस द्यायचा असेल तर फ्रेटलेसचा मऊ सूर ढोल-ताशांत विरघळून जाईल.

शिक्षणाच्या अंगाने एक वेगळाच युक्तिवाद केला जातो: पहिल्याच दिवसापासून फ्रेटलेस धरावी, म्हणजे कान तयार होतो, व्हायोलिन शिकणारी मुलं नाही का बिनपडद्यांवरच शिकत? याची एक बाजू मला पटते. बेस हे बिनपडद्यांच्या वाद्यांत हाताला बरंच क्षमाशील आहे. खालच्या पट्टीत बोट एक मिलिमीटर चुकलं तर बेसवर सूर दोन सेंटने हलतो; व्हायोलिनवर पाचांहून अधिक सेंटने. बाराव्या फ्रेटच्या जागी बेसवर चार, व्हायोलिनवर दहाच्या वर. त्यामुळे ‘फ्रेटलेस फार अवघड’ ही भीती निराधार आहे. पण व्हायोलिनचा विद्यार्थी शांत खोलीत, गुरूसमोर, एकेक सूर लांब ओढत शिकतो. बेसचा विद्यार्थी महिन्याभरात बँडमध्ये उभा असतो, आणि तो कुठे उभा असतो ते पाहायला हवं. मुंबईतल्या साकीनाक्याचं उदाहरण घ्या: अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या आजूबाजूला औद्योगिक गाळे आणि दाटीची घरं. खाली अखंड वाहतूक, आणि 8 जून 2014 पासून वरून मेट्रो. अशा भागात सरावाला मिळते ती लहान खोली. खोलीची लांबी साडेतीन मीटर धरली तर तिच्या भिंतींमध्ये जी लहर बरोबर बसते ती सुमारे 49 कंपनांची, म्हणजे बेसच्या जाड तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा सूर. तो सूर भिंतीपाशी घुमतो आणि खोलीच्या मध्यावर उभं राहिलं तर जवळजवळ नाहीसा होतो. त्यात ड्रम चालू. खर्जाचा सूर आपण त्याच्या वरच्या अंशस्वरांवरून ओळखतो. म्हणून तर फोनच्या इवल्या स्पीकरमधूनही बेसची चाल कळते. फ्रेटलेसमध्ये तेच अंशस्वर आधी मावळतात. ज्या वेळी कानाला सर्वाधिक आधार हवा, त्या वेळी तो काढून घेतला जातो. अशा खोलीत कान तयार होत नाही, चुकीच्या जागेची हाताला सवय होते. कान तयार करायचाच असेल तर तंबोऱ्याचं ॲप लावून आधी स्वतःच्या गळ्याने सूर लावावा. त्याला कोणतीही गिटार लागत नाही.

फ्रेटलेसमध्येही दोन पोटप्रकार आहेत: दांडीवर फ्रेटच्या जागी रेघा असलेली आणि कोरी. रेघांना लबाडी समजणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याशी मी मुळीच सहमत नाही. रेघ सूर लावून देत नाही, जागा दाखवते. शेवटचे दोन मिलिमीटर कानालाच ठरवावे लागतात, आणि मंचावरच्या अंधारात तर डोळ्यांचा उपयोग तसाही फार नसतो. मात्र फ्रेटवरून इकडे येणाऱ्याने एक सवय मोडायला हवी. फ्रेटच्या गिटारीवर बोट फ्रेटच्या मागे ठेवतात. फ्रेटलेसवर बोटाचं टोक नेमकं रेघेवर यावं लागतं. जुन्या सवयीने मागे ठेवलेलं बोट प्रत्येक सूर उतरा लावतं, आणि मग दोष वाद्याला दिला जातो. दांडीच्या कडेवरचे ठिपकेही असेच फसवतात: फ्रेटच्या गिटारीवर ते दोन फ्रेटच्या मध्ये असतात, कारखान्यात घडवलेल्या कोऱ्या फ्रेटलेसवर बहुधा सुराच्या जागीच. फ्रेट उपटून केलेल्या गिटारीवर ठिपके जुन्याच जागी, म्हणजे चुकीच्या जागी, राहतात.

व्यवहाराचं थोडक्यात सांगतो. साकीनाक्याहून मेट्रोने घाटकोपर आणि तिथून लोकलने धोबीतलाव गाठलं, 1865 पासूनच्या फुर्टाडोजसारखी दुकानं पाहिली, तरी बेसच्या रांगेत फ्रेटलेस कमीच आढळतील, आणि स्वस्तातल्या त्याहून कमी. दुसरा रस्ता जुन्या गिटारीचे फ्रेट काढण्याचा. तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने एकेक फ्रेट गरम करून हळू उचलायचा, भेगांत लाकडाच्या पातळ पट्ट्या बसवून घासायच्या, आणि तारा तेवढ्याच खाली आणायला वरची खाच आणि घोडी दोन्ही उतरवायची. हे काम गिटारीच्या कारागिराकडूनच करून घ्यावं, कारण दांडीचा गोलवा एकदा बिघडला की गुणगुणण्याऐवजी खरखर येते. तारांची निवडही बदलते: गोल वेटोळ्यांच्या तारा लाकूड खरवडतात, सपाट वेटोळ्यांच्या तारा ते सांभाळतात पण चकाकी कमी देतात. जॅकोंचा इपॉक्सीचा थर होता तो याच झिजेवरचा उपाय. मुंबईच्या पावसाळ्यात दांडी ओलाव्याने हलते, आणि जवारीसारखा नाद तारेच्या उंचीतल्या अर्ध्या मिलिमीटरवर अवलंबून असल्याने फ्रेटलेसला वर्षातून एक-दोनदा जुळणी जास्त लागते. फ्रेटचीही झीज होते, पण सावकाश.

माझा कौल असा. एकच गिटार घेणं परवडत असेल आणि बँडमध्ये, ड्रमबरोबर, की-बोर्डाच्या संगतीत वाजवायचं असेल, तर फ्रेटची घ्या आणि श्रुतींच्या नावाने कुणी हिणवलं तर त्याला पंचमाचं गणित दाखवा. भावगीत, ठुमरी, अभंग किंवा रागावर आधारलेलं काही मोजक्या साथीत करायचं असेल, जिथे बेसला गायकाच्या मागोमाग एका सुरावरून दुसऱ्यावर वाहत जायला जागा आहे, तर रेघांची फ्रेटलेस घ्या, पहिल्या वर्षीसुद्धा घ्या, घाबरू नका. आणि दोन्हींत मन अडकलं असेल तर तुम्हाला वाजवावीशी वाटणारी पाच गाणी काढा. त्यांतल्या बेसचे सूर ठोस सुरू होतात की सरकत येतात, एवढंच लक्ष देऊन ऐका. दुकानात जाण्यापूर्वी निर्णय झालेला असेल.